कासूला रेल्वे उशिरा का आली?

दिव्याहून रोह्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी पेण सोडल्यावर कासूला थांबते. स्थानक लहान आहे. पण त्याच्याविषयी एक प्रश्न विचारला, तर रेल्वेचा बराच इतिहास उलगडतो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मुंबईपासून कासू सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. मग येथवर रूळ यायला सव्वाशेहून अधिक वर्षे का लागली?

कोकणातले डोंगर आडवे आले, हे उत्तर चटकन सुचते. ते तपासून पाहू. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली. तेथील चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एक हजार टनांची गाडी अशा चढावर नेताना केवळ चढासाठी सुमारे २७ टन वजनाइतका जादा जोर लावावा लागतो. एवढे अवघड काम एकोणिसाव्या शतकात पार पडले. याउलट पेण, कासू, नागोठणे हा पट्टा बहुतांशी सखल, भातशेतीचा आणि खाडीकाठचा आहे. तेव्हा डोंगराचे उत्तर येथे पुरेसे नाही.

खरे कारण मालात शोधावे लागते. घाटावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता, म्हणून घाटाचा खर्च परवडला. कोकणचा भात आणि मीठ मात्र गलबतांतून जात असे. धरमतर, नागोठणे ही अंबा नदीच्या खाडीवरची बंदरे. समुद्राची वाट फुकट असताना रूळ कोण टाकणार?

ही वाट माणसांसाठी मात्र नेहमीच स्वस्त नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडची होती. तरीही रेल्वे लगेच आली नाही.

दिवा–पनवेल मार्ग १९६४ साली झाला. १९६६ साली तो आपट्यापर्यंत वाढला, तो मुख्यतः त्या भागातील कारखान्यांसाठी. तेथे रूळ बरीच वर्षे थांबले. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७८ साली, आपटा–रोहा मार्गाचे काम सुरू झाले आणि १९८६ साली गाडी रोह्याला पोचली. याच काळात थळला खतांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मालासाठी पेणहून थळपर्यंत रूळ गेले. कासू स्थानक या आपटा–रोहा टप्प्यातले.

पुढे १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून दक्षिणेकडे खरे डोंगर होते. तेथे बोगदे आणि पूल बांधून चढ १:१५० पेक्षा तीव्र होऊ दिला नाही. वरचेच गणित येथे केले, तर जादा जोर सात टनांहूनही कमी भरतो. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर ओलांडता येतात, हे १८६३ साली दिसले होते. ते कोकणासाठी ओलांडायचे हे ठरायलाच एवढा काळ गेला.

म्हणून स्थानकाचा इतिहास शिकवताना सनावळीपाशी थांबू नये. आपल्या जवळच्या स्थानकाविषयी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत: रूळ येण्यापूर्वी माल कसा जाई? रूळ प्रथम कोणाच्या मालासाठी आले? आणि आज त्यांचा उपयोग कोण करतो? पहिल्याचे उत्तर गावातील वृद्धांकडे मिळेल, दुसऱ्याचे नकाशावर. तिसऱ्यासाठी सकाळच्या गाडीच्या वेळी फलाटावर उभे राहून मोजणी करावी. माल डोळ्यांसमोर ठेवून टाकलेल्या रुळांवर किती माणसांचा दिवस चालतो, हे त्या आकड्यांतून कळेल.