बियाविना चालत आलेलं घराणं

पुण्याजवळच्या वारज्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये फाटकापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेवर एक ठेंगणं झुडूप रांगेनं लावलेलं दिसतं. गुडघ्याएवढं, बारमाही पानांनी भरलेलं. पान राखट हिरवं आणि त्याला मलईच्या रंगाची वेडीवाकडी किनार. रोपवाटिकेत त्याला ‘व्हेरिगेटेड मिनी तगर’ म्हणतात, माळी नुसतंच ‘मिनी’ म्हणून मोकळे होतात. अधूनमधून त्यावर पाच पाकळ्यांची भिंगरीसारखी पांढरी फुलंही येतात. पण पांढरट पानांत पांढरं फूल ते काय उठून दिसणार! हे झुडूप लोक घेतात ते पानासाठी.

त्याची कुळकथा सांगायला बसलं की पहिल्याच ओळीला अडतं. कुळ म्हटलं की बी आलं, अंकुर आला, आई-बाप आले. इथे त्यातलं काहीच नाही. वारज्यातलं असो की उरुळी कांचनच्या शेडनेटमधलं, यातलं प्रत्येक रोप म्हणजे कुणीतरी कात्रीनं कापून मातीत खोचलेली फांदी. ती फांदी ज्या झाडाची, तेही एका फांदीपासूनच झालेलं. असं मागेमागे जात राहिलं की शेवटी कुठल्यातरी हिरव्यागार तगरीवर चुकून फुटलेल्या एका धुवट डहाळीपाशी येऊन थांबावं लागतं. ती डहाळी कुणाच्या तरी नजरेला पडली, आवडली, आणि त्यानं ती कापली. रोपवाटिकेत नोंदवही असते ती विक्रीची. असले क्षण तिच्यात येत नाहीत.

मूळ हिरवी तगर मात्र चांगली खानदानी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातला अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यानं कोचीनमध्ये राहून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून त्याचे १२ खंड निघाले. त्यात ‘नंदी-एर्वातम’ या मल्याळी नावानं आपली तगर चित्रासकट हजर आहे. या कामात इट्टी अच्युतन या केरळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं देवनागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढे १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तगरीला कण्हेरीच्या वंशात घातलं. ते टिकलं नाही, पण फारसं चुकलंही नव्हतं. दोघी एकाच कुटुंबातल्या, दोघींना चीक, दोघींना शेळीही सहसा तोंड लावत नाही. आणि दोघींवर येणारी बोटभर लांबीची हिरवी अळीसुद्धा एकच, मानेवर दोन निळे डोळे काढल्यासारखी. पावसाळ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘हे सापाचं पिल्लू आहे का?’ असा फोटो पडला की ती हीच असते. तिचा पुढे हिरव्या-गुलाबी पंखांचा देखणा पतंग होतो, तेव्हा तिला झोडपू नये. दोन-चार पानं खाईल आणि जाईल.

आता त्या पांढऱ्या काठाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

फांदीच्या टोकाला जो वाढणारा कोंब असतो, त्यात पेशींचे थर एकावर एक बसलेले असतात. त्यातल्या एखाद्या थरातली एखादी पेशी हरितद्रव्य बनवण्याची कला विसरते. तिच्यापासून झालेल्या साऱ्या पेशीही विसरलेल्याच निघतात, आणि पाहता पाहता तो अख्खा थर पांढरा होतो. आतला थर हिरवा राहिला आणि त्यावरचा पांढरा झाला, तर पानाच्या मधोमध हिरवं आणि कडेला पांढरं दिसतं. म्हणजे एकाच झाडात दोन झाडं नांदत असतात. १९०७ साली हान्स विंकलर या जर्मन शास्त्रज्ञानं अशा दुहेरी झाडांना ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीवरून ‘कायमेरा’ हे नाव दिलं. सिंह, बोकड आणि साप एकाच अंगात असलेली ती. (त्याला नरसिंह ठाऊक असता तर काम आणखी सोपं झालं असतं.) दोनच वर्षांनी एर्विन बाउरनं पांढऱ्या कडेच्या जिरॅनियमवर प्रयोग करून हे थरांचं गणित मांडून दाखवलं. त्याच १९०९ साली कार्ल कोरेन्सनं गुलबक्षीवर काम केलं. तिच्या एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या आणि कवड्या पानांच्या फांद्या असतात. पांढऱ्या फांदीवरच्या बीतून पांढरीच रोपं आली, मग पराग कुठल्याही फांदीचा असो. बापाचा रंगाशी संबंधच नाही, सगळं आईकडून. मेंडेलच्या नियमांत न बसणारी आनुवंशिकता पहिल्यांदा दिसली ती अशी.

पांढऱ्या काठाच्या तगरीनं चुकून शेंग धरलीच, तर ते बी सहसा पांढऱ्या थरातून तयार होणार. त्यातून अंकुर फुटेल तोही पांढराफटक. स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही, म्हणून बीमधली शिदोरी संपली की तो मरतो. या घराण्याला वंशवेल नाही ती यामुळे. थरांचा हा खेळ ज्यांना घरच्या घरी पाहायचा आहे त्यांनी पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं एक पान कापून मातीत खोचावं. दोन-तीन महिन्यांत खालून नवा कोंब येतो आणि तो साधा हिरवा असतो. पिवळी कड गायब. नवा कोंब आतल्या हिरव्या थरातून फुटला, एवढंच झालेलं असतं. गड्ड्यासकट विभागणी केली तरच कड टिकते.

अशा चुकलेल्या पानांचा नाद माणसाला जुना आहे. जपानात तर त्याचं वेड होतं. १८२९ साली तिथे ‘सोमोकु किन्योशू’ नावाचा चित्रग्रंथ निघाला, त्यात नुसती चित्रविचित्र पानांची शेकडो झाडं आहेत. त्याच जपानचं आउक्यूबा हे सोनेरी ठिपक्यांचं सदाहरित झुडूप १७८३ साली जॉन ग्रेफर यानं इंग्लंडात नेलं. लंडनच्या धुरात, अंधाऱ्या अंगणात ते झकास वाढलं आणि घरोघर पसरलं. पण त्याला लाल फळं कधी धरेनात. कारण आलेलं झाड मादी होतं आणि इंग्लंडभर पसरली होती ती त्याचीच कलमं. लाखो झाडं, पण बाई एकच. अखेर रॉबर्ट फॉर्च्यून जपानला गेला आणि १८६१च्या सुमारास त्यानं नर झाड धाडलं, तेव्हा ऐंशी वर्षांनी फळं आली. छाट कलमानं वाढवलेल्या झाडाचं ‘कुळ’ म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगणारी दुसरी हकिकत मला माहीत नाही.

दरम्यान काचेच्या पेट्या आल्या होत्या. डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद पेटीतून १८३३ साली पहिल्यांदा लंडनहून सिडनीला रोपं जिवंत पोचली आणि झाडांचा जगभरचा व्यापार खुला झाला. १८६०च्या दशकात जॉन गूल्ड व्हीच यानं दक्षिण समुद्रातल्या बेटांवरून रंगीबेरंगी क्रोटन आणले, आणि बघता बघता क्रोटन हे साहेबाच्या बंगल्याचं चिन्ह होऊन बसलं. त्याच्याच घराण्याच्या व्हीच कंपनीनं १८६८ साली वेस्ट इंडीजमधून पिवळ्या चट्ट्यांचं एक अबुटिलॉन आणलं, तेही भरपूर खपलं. पुढे कळलं की ते चट्टे विषाणूचे होते. लोकांनी पैसे मोजून आजारी झाड घेतलं आणि प्रेमानं वाढवलं.

पुण्यात हा शौक आला तो छावणी आणि बंगल्यांच्या वाटेनं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. एम्प्रेस गार्डन तिच्याच देखरेखीखाली आहे आणि प्रजासत्ताकदिनाच्या आसपास तिथे भरणारं पुष्पप्रदर्शन अजून पुणेकरांच्या कॅलेंडरवर असतं. गणेशखिंडीतला बोटॅनिकल गार्डन १८७३चा. तिथले अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्रही शिकवत. त्यांच्या ‘गार्डनिंग इन इंडिया’ या पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. इंग्लंडातली बागकामाची पुस्तकं इथल्या मे महिन्यात उपयोगी पडत नाहीत, हे ज्यांना कळलं होतं त्यांच्यातले ते एक.

बंगल्यांत जागा होती, म्हणून क्रोटन उंच वाढले तरी चालत. शहर पसरलं आणि जागा आकसली. वारजे हे मुठेच्या काठचं शेतीवाडीचं गाव. महापालिकेत आलं, बाह्यवळण महामार्ग शेजारून गेला आणि शेतं जाऊन मजले आले. आता बाग म्हणजे पार्किंगच्या कडेची दोन फूट माती किंवा गॅलरीतल्या चार कुंड्या. ‘मिनी’ झाडांचे दिवस आले ते इथून: मिनी तगर, मिनी एक्झोरा, बुटका शेफ्लेरा. माल येतो उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून आणि पार आंध्रातल्या कडियमहून, ट्रकच्या ट्रक भरून.

ठेंगणेपणाबद्दल एक सांगायला हवं. यातला काही अंगचा असतो: पेरांमधलं अंतरच कमी. काही पांढऱ्या काठाची देणगी, कारण निम्मं पान बिनकामाचं असलं की झाड सावकाशच वाढणार. आणि काही औषधाचा. कोकणातले हापूसवाले ज्याला ‘कल्टार’ म्हणतात, ते पॅक्लोब्युट्राझोल कुंडीतल्या शोभेच्या झाडांची वाढ रोखायलाही जगभर वापरतात. त्याचा असर ओसरला की झाड ताणून वाढायला लागतं. म्हणून रोप घेताना फार घट्ट, एकावर एक बसलेली पानं पाहून भुलू नये. खालच्या जुन्या पेरांतलं अंतर आणि वरच्या नव्या पेरांतलं अंतर सारखं आहे का, ते पाहावं.

वारज्याच्या गॅलरीत ही तगर नांदवणं अवघड नाही. दहा ते बारा इंची कुंडी, तळाला भोक मोकळं हवं. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पांढऱ्या कडा जाळतं. हिरवी जाळी बांधावी किंवा कुंडी दोन महिने आत सरकवावी. पूर्ण सावलीत ठेवली तर झाड जगेल, पण फुलं विसरायची. पाणी, वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच. बशीत पाणी साचू देऊ नये. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी सतत घातलं तर कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. तो लोहाच्या कमतरतेचा आजार आहे. पुष्कळजण त्यालाच ‘छान व्हेरिगेशन आलं’ म्हणून कौतुकानं दाखवतात. ओळख सोपी आहे: खरा पांढरा रंग कडेला असतो आणि शिरांची पर्वा करत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यानं पुसून कडुनिंबाचं तेल फवारावं. छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

कलमं करायची पाऊस स्थिरावल्यावर. पेन्सिलीएवढी, अर्धवट पिकलेली फांदी घ्यायची, चार-पाच पेरांची. चीक धुऊन, खालची पानं काढून ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत ठेवायची. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. फांदी निवडताना दोन्ही रंग सारखे असलेली घ्यावी. फार पांढरी दिसते म्हणून हौसेनं निवडलेली फांदी बहुधा रुजतच नाही.

या सगळ्या रांगांच्या वर, वारज्याच्या टेकडीवर वनखात्याच्या सुमारे १७ हेक्टर उजाड जमिनीवर लोकसहभागातून शहरी वन उभं राहिलं आहे. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं नगर वन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून याच वनाचं नाव घेतलं होतं. तिथे पांढऱ्या काठाचं झुडूप शोधू नये. टेकडीवर प्रत्येक पानाला आपलं पोट भरावं लागतं; अर्धं पान रिकामं ठेवण्याची चैन परवडते ती कुंडीत, जिथे पाणी आणि खत दुसरं कुणी घालतं.

तरीही खाली सोसायटीत टेकडीचा कायदा अधूनमधून डोकं वर काढतोच. आतल्या हिरव्या थरातली एखादी पेशी वर सरकते आणि एक निखळ हिरवी फांदी फुटते. ती जोरात वाढते, बाकीच्यांना झाकते. दोन पावसाळे कुणी लक्ष दिलं नाही तर काठाची तगर संपून पुन्हा साधी मिनी तगर उरते. काठ हवा असेल तर हिरवी फांदी दिसताक्षणी बुडापासून कापावी, वरवर शेंडा खुडून चालत नाही. पण कापलेली फांदी टाकू नये. वेगळ्या कुंडीत लावली की ती कुठल्याही पांढऱ्या काठाच्या कलमापेक्षा लवकर रुजते आणि फुलंही जास्त देते. रोजच्या पूजेला तगरीची फुलं लागत असतील, त्या घरात ठेवण्याजोगी तीच.