तो, ती, ते आणि डेअर, डी, डास

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मला स्पष्ट सांगण्यात आले, "आठवणी नकोत, आठवणी पंचवीस जणांनी दिल्यात. तू एवढी वर्षं जर्मन शिकवतेस, त्याचा इतिहास लिही." ही आज्ञा आपल्या वर्गाच्या मॉनिटरची आहे, त्यामुळे मोडायची हिंमत नाही. तरीही माझा विषय आणि मी एकमेकांत इतके मिसळलेले आहोत की अधूनमधून आठवण घुसेल. गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी चालवून घ्यावे.

आपण १९८५ ची दहावी. आपल्याला इंग्रजी पाचवीपासून आणि संस्कृत आठवीपासून होते. इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय राज्यात २००० साली झाला, म्हणजे आपली मुले शाळेत जात होती तेव्हा. सिंधुदुर्गातून पुण्याला शिकायला गेलेल्या माझ्यासारखीला महाविद्यालयात सर्वांत मोठी भीती विज्ञानाची नव्हती, इंग्रजीची होती. रसायनशास्त्राच्या व्याख्यानात मी अर्धा वेळ शब्द पकडत असे. अशा मुलीने आणखी एक परदेशी भाषा का घ्यावी, असे घरी सगळ्यांनी विचारले. मावशीच्या घराजवळून बस फर्ग्युसन रस्त्याला जात असे आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग कॉलेजच्या वेळेआधी भरत, एवढेच खरे कारण होते. फी परवडण्यासारखी होती.

पण त्या वर्गात बसल्यावर एक गोष्ट कळली. तिथे सगळे शून्यावर होते. कॅम्पातल्या इंग्रजी शाळांतून आलेली मुले आणि मी, दोघांनाही पहिल्या दिवशी काहीच येत नव्हते. पुढे तर गंमत झाली. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगे असतात, डेअर, डी आणि डास. इंग्रजीत नामांना असे लिंग नाही, हिंदीत दोनच. त्यामुळे बाकीचे वैतागले आणि आम्ही मराठीवाले मात्र निवांत होतो, कारण तो, ती, ते आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेले. घर, पुस्तक, पाणी, सोने, मूल हे सगळे शब्द मराठीत नपुंसकलिंगी, तसेच जर्मनमध्येही. सूर्य मात्र तिकडे बाई आहे, तो घोटाळा शेवटपर्यंत राहिला. मुलीला जर्मन नपुंसकलिंगी मानतात हे ऐकून वर्ग हसला. मी हसले नाही. आपल्याकडे मालवणीत 'ता चेडू' म्हणतात तेव्हा कोण हसते?

विभक्तींचेही तेच. द्वितीया आणि चतुर्थी यांतला फरक आठवीत बाईंनी छडी न उगारता, पण शंभर वेळा म्हणवून घेऊन पक्का केला होता. 'कारण मी आज घरी जाते' हे वाक्य जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून त्याच क्रमाने होते: 'वाइल इश हॉयटं नाख हाउजं गेहं'. क्रियापद शेवटी. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ते उलटे वाटते. बाई, आपण या स्मरणिकेच्या प्रकाशनाला येणार आहात असे कळले, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आपल्या तासांचा उपयोग पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात झाला, तो पुढे सांगते.

आता थोडे मागे जायला हवे. महाराष्ट्रात जर्मन शिकणे हे काही कारखान्यांबरोबर आले नाही. एकोणिसाव्या शतकात संस्कृतचे सखोल संशोधन करायचे तर जर्मन यावी लागे, ही गोष्ट आज सांगितली तर विद्यार्थ्यांना पटत नाही. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृतचा प्रचंड कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला छापला गेला, आणि त्यात अर्थ दिले आहेत ते जर्मनमध्ये. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारे माक्स म्युलर जन्माने जर्मन. टिळकांना राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत ते होते. टिळकांनी पुढे मंडालेच्या तुरुंगात ज्या भाषांचा अभ्यास केला त्यांत जर्मन, फ्रेंच आणि पाली होत्या. तुरुंगात बसून पन्नाशी ओलांडलेला माणूस परभाषेचे व्याकरण शिकतो, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. दोन-तीन मुले तरी मोबाईल खाली ठेवतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानाची, विशेषतः रसायनशास्त्राची, मोठी भाषा जर्मन होती. दिनकर कर्वे यांनी रसायनशास्त्रातली डॉक्टरेट जर्मनीत केली. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. या सगळ्यांना इंग्रजी उत्तम येत होते, तरी त्यांना आणखी एक भाषा लागली, कारण तेव्हा ज्ञान एकाच भाषेत साठलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हळूहळू इंग्रजीत साठत गेले. जर्मन शास्त्रज्ञच इंग्रजीत लिहू लागले. माझ्या मते परभाषांच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे, जागतिकीकरण हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत येण्याच्या कितीतरी आधीचे.

स्वातंत्र्यानंतर परभाषा शिकण्याची कारणे बदलली. आता ती राजकारणाची आणि यंत्रांची झाली. रशियनचेच पाहा. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. गुळगुळीत कागदाची, मराठीत छापलेली स्वस्त सोव्हिएत पुस्तके आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. माझ्या वेळी रशियनच्या वर्गाला चांगली गर्दी असे, मॉस्कोच्या शिष्यवृत्तीची आशा असे. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो वर्ग एकदम ओस पडला. रशियन शिकलेली माझी एक मैत्रीण बँकेच्या परीक्षेला बसली. आज महाराष्ट्रातून अनेक मुले रशियात वैद्यकीय शिक्षणाला जातात, पण बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत. रशियन त्यांना लागते ती रुग्णाशी बोलण्यापुरती.

त्याच वर्षी, २४ जुलै १९९१ ला, आपल्याकडे तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला गेला. मी तेव्हा एका कारखान्यात भाषांतरकार म्हणून चिकटले होते. जर्मन यंत्रांची माहितीपुस्तके येत, ती इंग्रजीत करायची. इथे बाईंचा समासविग्रह कामी आला. जर्मन भाषा शब्द जोडत जाते. 'कुर्बेलवेल्लनलागर' असा आगगाडीसारखा शब्द आला की मी मनातल्या मनात षष्ठी तत्पुरुष म्हणून सोडवत असे: क्रँकशाफ्टचे बेअरिंग. पण 'वेल्लं' म्हणजे लाटही आणि शाफ्टही, आणि 'लागर' म्हणजे बेअरिंग, गोदाम किंवा छावणी. शब्दकोश उघडून चालत नसे, शॉपवर जाऊन फिटरला विचारावे लागे. जर्मन मी वर्गात शिकले, पण इंजिनाची जर्मन मला एका फिटरमामांनी शिकवली, ज्यांना जर्मनचे एक अक्षर येत नव्हते.

नव्वदच्या दशकात सगळे म्हणत, आता परदेशी कंपन्या येणार, परभाषांना सोन्याचे दिवस. कंपन्या आल्याच. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये पुण्यात आली, फोक्सवागनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पण एक गोष्ट आमच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आली होती. कंपन्या जितक्या देशांत पसरल्या तितकी त्यांना आपसात बोलायला एक भाषा हवी झाली, आणि ती जर्मन नव्हती. माहितीपुस्तके थेट इंग्रजीत येऊ लागली. माझे टेबल रिकामे होत गेले. मी शिकवण्याकडे वळले, ती अशी.

२००० साली जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढले, वीस हजारांपर्यंत लोकांना. तिकडच्या एका नेत्याने लगेच 'किंडर श्टाट इंडर' अशी घोषणा गाजवली, म्हणजे भारतीय आणण्यापेक्षा आपली मुले शिकवा. पुण्यात मात्र माझे संध्याकाळचे वर्ग भरले. ही मुले हुशार होती, पण दोन महिन्यांत जेवण मागण्यापुरती आणि भाड्याचे घर शोधण्यापुरती जर्मन घेऊन निघून जात. कचेरीत इंग्रजी चालायची. त्याच सुमाराला जर्मन विद्यापीठांनी इंग्रजीतून पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. जर्मनी स्वतःच म्हणत होती, आमची भाषा आली नाही तरी या. मग ती शिकवणाऱ्याने काय म्हणावे?

जपानीचे उलट झाले. जपानी कंपन्या इंग्रजीत काम करायला फारशा तयार नव्हत्या, म्हणून पुण्यात जपानी येणाऱ्या अभियंत्याला मागणी टिकली. जपानीची पातळी ठरवणारी परीक्षा १९८४ पासून आहे, आणि पुण्यात तिच्यासाठी रात्र रात्र जागून कांजी गिरवणारी मुले मी पाहिली आहेत. अवघड भाषा टिकली आणि सोपी मागे पडली.

आता जरा अडचणीचे लिहिते. अकरावी-बारावीला मराठीऐवजी जर्मन किंवा फ्रेंच घेता येते. विज्ञानाची हजारो मुले ती घेतात, कारण मार्क भरपूर पडतात. निबंध लहान, पुस्तक पातळ, उत्तरे ठरलेली. प्रवेशाच्या शर्यतीत मराठीतले सत्तर आणि जर्मनमधले पंचाण्णव यांत कुठला बाप मराठी निवडेल? या मुलांना दोन वर्षांनी 'माझे नाव' यापलीकडे काही आठवत नाही. २०२० च्या कायद्याने शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, पण कनिष्ठ महाविद्यालयात ही पळवाट उघडीच आहे. माझ्या पगाराचा मोठा भाग याच तुकड्यांतून आला. शेजारच्या खोलीत मराठीच्या तासाला अकरा मुले आणि माझ्याकडे नव्वद, हे दृश्य मी अनेक वर्षे पाहिले. मराठीचे सर माझे चांगले स्नेही. ते एकदा चहा पिताना म्हणाले, "मॅडम, तुमची मुलं जर्मन शिकत असती तर मला वाईट वाटलं नसतं." त्यांचे खरे होते. इंग्रजीने मराठीची जागा घेतली असे आपण म्हणतो, पण इथे जागा घेतली ती मार्कांनी. जर्मन नुसती निमित्त. मी दोन वेळा लेखी सुचवले की परभाषा मराठीच्या जागी नको, तिच्या जोडीला द्या. दोन्ही कागद कुठल्यातरी फाइलीत आहेत.

गेल्या काही वर्षांत मात्र वर्गात वेगळीच मुले दिसतात. जर्मनी आणि जपान दोन्ही देश म्हातारे होत आहेत. २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला, २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी केला. आता येतात त्या परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर. बऱ्याच जणी मराठी माध्यमाच्या, इंग्रजीला घाबरणाऱ्या, आणि त्यांना जर्मन खरोखर लागते. तिथे नर्स म्हणून काम करायचे तर बी-टू पातळी गाठावी लागते, कारण इंग्रजी मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत पोहोचली आहे, रुग्णाच्या खाटेपर्यंत नाही. नव्वदीच्या जर्मन आजीला कुठे दुखते ते ती जर्मनमध्येच सांगणार, आणि तेही आपल्या गावच्या बोलीत.

गेल्या जूनच्या तुकडीत कुडाळकडची एक नर्स होती. लिंगाच्या पाठाला बाकीच्या मुली तक्ते पाठ करत होत्या. तिने 'डास मेडशेन' वाचले आणि मागून आवाज आला, "म्हणजे ता चेडूच ना, मॅडम?" ती जानेवारीत परीक्षेला बसते आहे.