आंबट द्राक्षांची गोष्ट

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं म्हणून आपण कोल्ह्याची खिल्ली उडवतो. पण जर्मनीत मोझल नदीच्या काठी द्राक्षं खरोखरच आंबट असायची, आणि त्या आंबटपणापायी गावंच्या गावं कर्जात बुडाली होती. तर मंडळी, या वीकेंडला रीस्लिंग. वाईन न पिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. यात टॅक्स आहे, सेन्सॉर आहे आणि चक्क कार्ल मार्क्सही आहे!

आधी भूगोल. मोझल फ्रान्समध्ये उगम पावते, ट्रियरवरून नागमोडी वळणं घेत जाते आणि कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते. अक्षांश जवळपास ५० उत्तर. एवढ्या वर द्राक्ष पिकणं म्हणजे कठीणच काम. मग तिथे जमतं कसं? दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या चढांमुळे. तिरपं ऊनही तिथे बऱ्यापैकी सरळ पडतं. जमिनीत स्लेटच्या कपच्या (आपली शाळेतली पाटी ज्या दगडाची असायची तोच दगड). तो दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. चढ किती उभे? ब्रेम गावचा काल्मोंट काही ठिकाणी ६० अंशांच्याही वर आहे. तिथे ट्रॅक्टर विसरा, माणसाला नीट उभं राहता आलं तरी पुष्कळ.

रोमनांच्या काळापासून इथे वाईन होते, पण रीस्लिंग बरीच नंतरची. या द्राक्षाचा पहिला लेखी पुरावा म्हणजे कुठलं काव्य नाही, तर एक हिशेब आहे. १३ मार्च १४३५ ला काट्झेनएल्नबोगेनच्या सरदाराच्या दफ्तरात ऱ्युसेल्सहाइमच्या मळ्यासाठी रीस्लिंगच्या वेली घेतल्याचा खर्च टाकलाय, २२ शिलिंग. (कारकुनांनो, व्हाउचर जपून ठेवा. सहाशे वर्षांनी कोणीतरी वाचतं.)

रीस्लिंगला थंडी सोसते, वास अप्रतिम, पण पिकायला उशीर लावते. म्हणजे ऑक्टोबरात पाऊस आला की वर्ष गेलं. त्यामुळे शेतकऱ्यांचा ओढा भरपूर रस देणाऱ्या हलक्या जातींकडे. शेवटी १७८७ मध्ये ट्रियरचे राज्यकर्ते आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी हुकूम काढला की हलक्या वेली उपटा आणि चांगल्या लावा. चांगली म्हणजे मुख्यतः रीस्लिंग. चव सुधारली, पण जोखीम शेतकऱ्याच्या गळ्यात पडली.

१८१५ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेला. सुरुवातीला चंगळ झाली. प्रशियात बाहेरच्या वाईनवर जकात होती, त्यामुळे मोझलच्या मालाला घरचं गिऱ्हाईक मिळालं. लोकांनी कर्ज काढून मळे वाढवले. मग १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकात-संघ झाला, दक्षिणेची स्वस्त वाईन आत आली आणि भाव कोसळले. त्यात काही वर्षं हवामानाने दगा दिला. जमीनमहसूल मात्र चालूच. ओळखीचं वाटतंय ना?

आता मार्क्स. हा मूळचा ट्रियरचाच, जन्म १८१८. कोलोनच्या 'ऱ्हाइनिश त्साइटुंग' या वर्तमानपत्रात मोझलच्या शेतकऱ्यांच्या हलाखीबद्दल मजकूर आला तेव्हा प्रांताच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पुरावा मागितला. जानेवारी १८४३ मध्ये चोवीस वर्षांच्या मार्क्सने, संपादक म्हणून, त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्याचा मुद्दा साधा होता: सरकारी अधिकारी स्वतःच्याच कारभाराची चौकशी करतोय, मग दोष नेहमी शेतकऱ्याचाच किंवा निसर्गाचाच निघणार. त्याच वसंतात वर्तमानपत्र बंद पाडलं गेलं. बंदीमागे इतरही कारणं होती, पण पुढे १८५९ मध्ये मार्क्सने स्वतःच लिहिलं की आपण अर्थशास्त्राकडे वळलो त्याच्या सुरुवातीच्या कारणांत मोझलचे शेतकरी होते. म्हणजे 'दास कापिटाल'च्या मुळाशी थोडी आंबट वाईनही आहे म्हणा ना.

उपाय दुसऱ्याच माणसाने काढला. ट्रियरच्या लुडविग गालने १८५० च्या दशकात रसात साखरेचं पाणी घालायची पद्धत प्रचारात आणली. आंबटपणा पातळ होतो, साखरेने अल्कोहोल वाढतं. शुद्धतावादी भडकले, पण गरीब शेतकऱ्याचं पीक विकलं जाऊ लागलं. पुढे १८६८ मध्ये प्रशियाने महसुलाच्या आकड्यांवरून मळ्यांचा रंगीत नकाशा छापला. जितका गडद रंग तितकं उत्पन्न जास्त. आपण ज्याला हीट मॅप म्हणतो तोच! केला टॅक्ससाठी, वापरला वाईनवाल्यांनी. १९०० च्या आसपास या भागातल्या उत्तम रीस्लिंगला बोर्डोच्या तोडीचा भाव मिळत होता.

आता चवीचं. मी आणि दोन मित्रांनी तीन बाटल्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. पहिली झार या उपनदीकाठची 'काबिनेट'. अल्कोहोल जेमतेम आठ टक्के, हिरव्या सफरचंदासारखी, दात आंबवणारी, मागून किंचित गोडवा. दुसरी मधल्या मोझलची 'श्पेटलेझे', म्हणजे उशिरा तोडलेली. जर्दाळू, मध, पण आंबटपणा खाली तसाच शाबूत. तिसरी 'ट्रोकन', म्हणजे कोरडी. तीत गोडवा नाही, त्यामुळे दगडधोंड्यांची आठवण करून देणारी. पहिल्या दोघींचं गणित समजायला आपलं कैरीचं पन्हं पुरेसं आहे. नुसती कैरी पिववत नाही आणि नुसता गूळ दोन घोटांत कंटाळा आणतो.

१९७१ च्या वाईन कायद्याने मात्र रसातली साखर हीच प्रतवारीची मोजपट्टी केली आणि सपाट शेतांनाही प्रसिद्ध गावांची नावं लावायची मुभा दिली. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' म्हणजे उभा, नामी मळा. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' म्हणजे आसपासचा मोठा पट्टा. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटायचे. स्वस्त गोडमिट्ट माल खपला आणि रीस्लिंगचं नाव बदनाम झालं. २०२१ मध्ये कायदा बदलून पुन्हा गावाला आणि मळ्याला वजन देण्यात आलं.

दरम्यान हवाच बदललीये. आता द्राक्षं जवळजवळ दरवर्षी पिकतात. १८४० च्या शेतकऱ्याने हे ऐकून देवापुढे मेणबत्ती लावली असती. आजच्या त्याच्या पणतूची चिंता उलटी आहे: साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, आणि हलकी काबिनेट करायची तर लवकर तोडणी करावी लागते. ज्या आंबटपणाने त्याच्या पणज्याला कर्जात घातलं, तोच आता जपून ठेवायची वेळ आलीये. तेव्हा कधी मिळाली तर झारची काबिनेट जरूर चाखा. आणि हो, आधी थंड करा!