मोडीचा भाव

भांड्यांच्या जुन्या दुकानांवर अजूनही ‘तांब्या-पितळेची मोड घेतली जाईल’ अशी पाटी दिसते. एखादी पद्धत ‘मोडीत निघाली’ असं आपण म्हणतो, ती मोड हीच. मोड म्हणजे असं भांडं, ज्याची किंमत आता फक्त धातू म्हणून उरली आहे. घडणावळ शून्य, नक्षी शून्य, त्यात किती पिढ्यांचं पाणी तापलं तेही शून्य. काटा दाखवेल तेवढंच खरं.

पुण्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास लिहायचा, तर या काट्यालाही त्यात जागा द्यावी लागेल असं मला वाटतं. कारण याच काळात हे शहर वाड्यांतून फ्लॅटमध्ये गेलं आणि जाताना त्याने घरातलं निम्मं सामान मागे टाकलं.

वाडे का गेले, तर पटकन आठवतो तो पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि नदीकाठच्या पेठांमधली माती-विटांची घरं बसली. पण ज्या वाड्यांना पाणी शिवलंही नाही, तेही पुढे पडलेच. त्याचं एक कारण कागदावर होतं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं ठरवताना सप्टेंबर १९४० हा आधार धरला. भाडेकरूंना त्याचा मोठा आसरा मिळाला, हे खरंच. पण तेवढ्या भाड्यात कौलं बदलणं मालकाला परवडेना. डागडुजी थांबली, भिंतींना टेकू लागले आणि शेवटी बिल्डर आला.

नवं घर मिळालं ते दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. न्हाणीघर, माजघर, कोठीची खोली, माळा, परसू यांतलं त्यात काहीच नव्हतं. आणि सामान तर त्याच जागांच्या मापाचं होतं. तांब्याच्या बंबाला धूर जायला वाट लागते. घंगाळाला ऐसपैस न्हाणी लागते. जातं आणि पाटा-वरवंटा तिसऱ्या मजल्यावर ठेवले, तर खालचे लोक भांडायला वर येतात. नळ आला, गॅस आला, गीझर आला. हंडे, कळश्या, गुंड बिनकामाचे झाले.

इथे बरेच लोक हळहळतात. मी फारसा हळहळत नाही. पितळेच्या पातेल्याला वरचेवर कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. तांबं चिंचेने घासावं लागतं, आणि घासणारे हात कोणाचे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्टील पुसलं की झालं. ज्या बायकांनी पितळ देऊन स्टील घेतलं, त्यांनी वारसा वगैरे विकला नाही. रोजचा अर्धा तास विकत घेतला.

सामान बाहेर पडायच्या वाटाही ठरलेल्या होत्या. कपडे बोहारणीकडे. चार साड्या आणि दोन पँटींवर एक डबा, मग त्यावरून दारात तासभर घासाघीस. जरीच्या साड्यांना वेगळं गिऱ्हाईक: खऱ्या जरीत चांदी असते, म्हणून शालू जाळून त्यातून चांदी काढायची. लाकूडफाटा आणि बाकीचं किडुकमिडुक जुन्या बाजारात. तांबं-पितळ मोडीला.

या वाटेवर मध्येच उभं राहून सामान अडवणारेही काही लोक होते. कागदांच्या बाबतीत इतिहासाचार्य राजवाडे. त्यांनी गावोगाव, घरोघर फिरून जुनी दप्तरं मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वस्तूंच्या बाबतीत दिनकर केळकर (१८९६–१९९०). घरचा धंदा चष्म्यांचा, कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावाने. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले ते शेवटपर्यंत थांबले नाहीत. अडकित्ते, दिवे, करंडे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. ज्याला कोणी कला म्हटलं नसतं, ते त्यांनी कला म्हणून घेतलं. मोडवाला वजन बघायचा, केळकर घाट बघायचे. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ साली ते सरकारच्या हवाली केलं. आज तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत आणि जागेअभावी एका वेळी त्यातल्या थोड्याच मांडता येतात. म्हणजे फ्लॅटची अडचण संग्रहालयालाही चुकली नाही.

पण राजवाड्यांना हवा होता मजकूर आणि केळकरांना घाट. ज्या भांड्याचा घाट अगदी साधा आणि मजकूर जेमतेम एका ओळीचा, ते दोघांच्याही हातून निसटतं. मी म्हणतोय ते नाव घातलेल्या भांड्यांबद्दल.

आमच्या आजीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा तिचं घर मी आणि आईने रिकामं केलं. सवयीप्रमाणे मी स्प्रेडशीट केली: वस्तू, वजन, कुठे द्यायची. मग त्यात चौथा रकाना घालावा लागला, ‘काय लिहिलंय’. कारण जवळजवळ प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं होती. आजोबांची आद्याक्षरं. मुंजीत कोणी काय दिलं. बारशाची वाटी. एका पितळी डब्यावर तर चक्क सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव. तो डबा परत करायचा राहून गेला असणार.

आणि एका तांब्याच्या कळशीवर ‘चि. सौ. कां.’ असं लिहून पुढे घरात कोणीही न ऐकलेलं नाव. खाली ‘मामांकडून’. आईने आजीला विचारलं. आजी म्हणाली, “माझंच की गं ते. लग्नात बदललं.”

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, हे मला माहीत होतं. पण आजीचं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मतदार यादी, सगळीकडे दुसरंच नाव. शाळेचा दाखला कधीच हरवलेला. तिचं जन्मनाव आमच्या घरात कुठे लिहिलेलं असेल तर फक्त त्या कळशीवर, आणि कळशी होती ‘मोड’ या रकान्यात. काट्यावर पावणेतीन किलो भरली असती.

कळशी ठेवली. बाकीची सतरा भांडी दिली, कारण माझ्या वन बीएचकेतही माळा नाही. दुकानदाराने नावं वाचली नाहीत. वाचायचं कारणही नव्हतं. नऊशे-हजार अंशांच्या पुढे पितळ वितळतं, तेव्हा सगळे ठिपके सारखेच.

तुमच्याकडे असं घर रिकामं व्हायचं असेल, तर भांडं आधी चिंचेने किंवा लिंबाने घासून घ्या. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च कडेने, अगदी तिरपा धरा. झिजलेले ठिपकेही सावलीमुळे वाचता येतात. काठाखाली बघा, बुडाशीही बघा. फोटो काढा. आणि ते नाव ओळखणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.