होलबर्न ते रॅटक्लिफ : ब्रिटनने कोळसा सोडला त्याची कुळकथा

लंडनमध्ये कोळसा जाळायला बंदी पहिल्यांदा झाली ती १३०६ साली. राजा होता पहिला एडवर्ड आणि तक्रार होती धुराची. न्यूकॅसलहून गलबतांनी येणारा कोळसा चुनाभट्टीवाल्यांना आणि लोहारांना स्वस्त पडे. लाकूड महाग होत चालले होते. फर्मान निघाले, दंडाची धमकीही झाली, आणि कोळसा जळतच राहिला. पुढे १६६१ साली जॉन एव्हलिन या गृहस्थाने ‘फ्युमिफ्युजियम’ नावाची पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केली. धुराडी शहराबाहेर हलवा आणि शहराभोवती सुवासिक झाडे लावा, असा त्याचा सल्ला होता. राजाने तो ऐकून घेतला. पुढे काही झाले नाही. आज एखादा देश कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन निम्म्यावर कसे आणतो हे पाहताना आपण या फसलेल्या फर्मानांपासून सुरुवात करायला हवी. कोळशाला हटवायला नुसती आज्ञा पुरत नाही, हे ब्रिटन सातशे वर्षे पुन्हा पुन्हा शिकत आला.

१७१२ मध्ये न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र डडलीजवळच्या खाणीतले पाणी उपसू लागले. कोळशाने चालणारे यंत्र आणखी कोळसा काढू लागले आणि चक्र फिरले. जानेवारी १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारे वीज केंद्र सुरू केले. कोळशावरचे जगातले पहिले सार्वजनिक वीज केंद्र म्हणून त्याची नोंद होते. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २९ कोटी टन कोळसा निघाला. तो कळस होता. ११ लाखांहून अधिक माणसे तेव्हा खाणीत राबत होती. गंमत अशी, की कोळसा जळून निघणाऱ्या वायूचे बिंगही त्याच देशात फुटले. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ पासूनच्या प्रयोगांनी दाखवून दिले होते. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या इंजिनिअरने जगभरच्या तापमानाच्या नोंदी जमवल्या आणि पृथ्वी तापते आहे, त्यात माणसाच्या धुराचा वाटा आहे, असे मांडले. त्याला मात्र ही बातमी चांगली वाटली होती! थंड देशांतली शेती सुधारेल, असा त्याचा होरा. हवामानशास्त्रज्ञांनी या बाहेरच्या माणसाकडे फारसे लक्ष दिले नाही.

कोळशाला पहिला खरा धक्का बसला तो श्वासापायी. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर काजळीचे धुके बसले. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४ हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ साली ‘क्लीन एअर ॲक्ट’ झाला आणि घरोघरच्या उघड्या शेगड्यांना चाप बसला. तरी आपण इथे फसू नये. शहराचा धूर गेला तो ट्रेंट नदीकाठच्या उंच चिमण्यांवर गेला. नॉटिंगहॅमशायरमधले रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे २,००० मेगावॅटचे केंद्र त्याच पिढीतले, साठीच्या दशकाअखेरचे. काजळी निवळली, पण कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून त्याची फिकीर कोणी केली नाही.

दुसरा धक्का राजकारणाचा. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला आणि मोडला. पंतप्रधान थॅचरबाईंना तेव्हा वातावरणाची चिंता नव्हती. त्यांना संघटना मोडायची होती. (रसायनशास्त्राच्या या पदवीधर बाईंनी तापमानवाढीचा इशारा रॉयल सोसायटीसमोर दिला तो १९८८ मध्ये.) पाठोपाठ वीज उद्योगाचे खासगीकरण झाले आणि नव्या मालकांनी नव्वदीच्या दशकात उत्तर समुद्राच्या नैसर्गिक वायूवर भराभर केंद्रे उभारली, कारण ती स्वस्त पडत आणि लवकर बांधून होत. तेवढ्याच विजेमागे या वायूचे उत्सर्जन कोळशाच्या साधारण निम्मे. अशा रीतीने उत्सर्जन घटले ते जवळजवळ नकळत, आणि त्याची किंमत यॉर्कशायर, डरहॅम आणि वेल्समधल्या खाणींच्या गावांनी मोजली. ही बाजू वगळून सांगितलेली ब्रिटनची यशोगाथा मला अर्धी वाटते.

हेतू आला तो शेवटी. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘क्लायमेट चेंज ॲक्ट’ मंजूर झाला. विरोधात मते पडली ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कायद्याची खुबी त्याच्या अंतिम उद्दिष्टात नव्हती, ती हिशेबात होती : दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा बरीच आधी ठरवायची आणि एका स्वतंत्र समितीने सरकारची उलटतपासणी करायची. २०१३ पासून वीज केंद्रांच्या कार्बनवर ब्रिटनने स्वतःचा जादा कर बसवला. २०१६ पासून तो टनामागे १८ पौंडांवर ठेवला. समुद्रातल्या पवनचक्क्यांना ठरावीक दराची हमी मिळाली. मग जे घडले त्याचा वेग पाहण्यासारखा आहे. २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २१ एप्रिल २०१७ रोजी देशाने १८८२ नंतरचा पहिला कोळसाविरहित पूर्ण दिवस काढला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ हे शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. १४२ वर्षांची वंशावळ तिथे संपली.

योगायोग असा, की त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही विझली. तिचे मालक मुंबईत मुख्यालय असलेले टाटा स्टील. तिथे आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी यायची आहे. पण हजारो नोकऱ्या गेल्या, आणि ब्रिटन जे पोलाद आयात करील त्याचा धूर दुसऱ्याच्या खात्यात जाईल. १९९० च्या तुलनेत देशातले उत्सर्जन निम्म्यावर आले हे खरे, मात्र त्या आकड्यात आयात मालाचा धूर धरलेला नाही, आणि ड्रॅक्स वीज केंद्रात जळणारे परदेशी लाकूडही शून्य मानलेले आहे.

उरलेले निम्मे उत्सर्जन वीज केंद्रांत कमी आणि रस्त्यांवर, शेतांत, घरांत जास्त आहे. बहुतेक ब्रिटिश घरे आजही वायूच्या बॉयलरने तापतात. याच देशाने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघर माणसे पाठवून सुमारे ४ कोटी शेगड्या, हीटर आणि बॉयलर उत्तर समुद्राच्या वायूसाठी बदलून दिले होते. आता बॉयलरच्या जागी बसवायच्या उष्णता पंपांचे उद्दिष्ट होते २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाखांचे. २०२४ साली विक्री लाखाच्याही आतच राहिली.