पायथॉनच्या सुवाह्य लिनक्स पॅकेजेसचा विकास : एक ऐतिहासिक आढावा

पायथॉन या संगणकीय भाषेत गणनाप्रधान कामांसाठी सी, फोरट्रान आदी भाषांत लिहिलेले विस्तार-घटक वापरले जातात. ते वापरण्यापूर्वी यंत्रभाषेत रूपांतरित करावे लागतात. इ.स. २०१२ मध्ये प्रस्तावित झालेल्या 'व्हील' या स्वरूपामुळे विंडोज व मॅक वापरणाऱ्यांना तयार घटक मिळू लागले. परंतु लिनक्सच्या वितरणांतील भिन्नतेमुळे 'पायपीआय' या सामायिक भांडारात लिनक्सची व्हील स्वीकारली जात नसत. परिणामी नवख्या अभ्यासकालाही कंपायलरशी झुंजावे लागे.

२०१६ मध्ये रॉबर्ट मॅकगिबन व नॅथॅनिएल स्मिथ यांच्या 'पेप ५१३' या प्रस्तावाने ही कोंडी फोडली. 'जीलिबसी' या मूलभूत लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेला घटक सामान्यतः नव्या आवृत्तीवर चालतो. याउलट मात्र खात्री नसते. म्हणून जाणीवपूर्वक सेंटओएस ५ ही जुनी प्रणाली 'मेनीलिनक्स१' या मानकाचा पाया ठरली. इतर आवश्यक लायब्ररी 'ऑडिटव्हील' या साधनाने व्हीलमध्येच समाविष्ट करण्यात आल्या. पुढे २०१९ च्या 'पेप ६००' ने जीलिबसीचा आवृत्ती-क्रमांकच मानकाच्या नावात आणला, तर २०२१ च्या 'पेप ६५६' ने 'मसल' ही लायब्ररी वापरणाऱ्या वितरणांची सोय केली.

तथापि, या सोयीला किंमत आहे. समाविष्ट लायब्ररीत सुरक्षादोष आढळल्यास वितरणाने केलेली दुरुस्ती तेथे पोहोचत नाही. पॅकेजकर्त्यालाच नवे व्हील प्रसिद्ध करावे लागते. सारांश, वापरकर्त्याचे श्रम वाचले. परंतु जबाबदारी वितरणांकडून पॅकेजकर्त्यांकडे, अनेकदा विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे, सरकली.