डिझायनरचे संकेतस्थळ : योग्य साच्याची निवड

पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, वस्त्रे, फर्निचर, बोधचिन्हे, अक्षररचना यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील डिझायनरला आपल्या निवडक कामांचा संग्रह सादर करावा लागतो. या संग्रहाला व्यवसायात पोर्टफोलिओ असे म्हणतात. पूर्वी हा संग्रह मोठ्या फोल्डरमध्ये घालून कार्यालयांत नेला जात असे. आता मुलाखतीचे बोलावणे येण्याआधीच संकेतस्थळाचा पत्ता मागितला जातो. इंदूर किंवा बेळगाव येथे राहून काम करणाऱ्या डिझायनरची बंगळूरुमधील एखाद्या उद्योगाशी पहिली ओळख बहुधा या पानावरच होते.

संपूर्ण संकेतस्थळ स्वतः घडवणे प्रत्येकाला जमत नाही व परवडतही नाही. त्यामुळे टेम्प्लेट, म्हणजेच पानांचा तयार साचा घेऊन त्यात आपले काम भरण्याची पद्धत रूढ झाली आहे. असे साचे मोठ्या संख्येने उपलब्ध असून अनेकदा त्यांची निवड केवळ देखणेपणावरून केली जाते. प्रत्यक्षात तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. हा साचा आपल्या कामाला साजेसा आहे का? तो पाहणाऱ्याच्या मोबाइलवर नीट उघडतो का? आणि उद्या तो साचा किंवा ती सेवा बंद पडली, तर काम सुरक्षितपणे अन्यत्र नेता येते का?

साचा आणि आशय

साच्याची कल्पना एका मूलभूत तत्त्वावर उभी आहे. पानावरील आशय आणि त्याचे रूप ही दोन वेगळी अंगे आहेत, हे ते तत्त्व. होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस या शैलीभाषेचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीला मानकाचे स्वरूप मिळाले. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या उपक्रमाने या तत्त्वाचे प्रात्यक्षिकच घडवले. तेथे मूळ मजकुराचे पान तेच ठेवून अनेक डिझायनरांनी त्याला परस्परांहून सर्वस्वी भिन्न रूपे दिली. मे २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या प्रणालीत फेब्रुवारी २००५ पासून ‘थीम’ बदलण्याची सोय झाली आणि सामान्य वापरकर्त्यालाही मजकुराला धक्का न लावता संकेतस्थळाचे रूप पालटता येऊ लागले.

या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एके काळी अनेक डिझायनरांची संकेतस्थळे फ्लॅश तंत्रावर आधारलेली होती. त्यांत चित्र, मजकूर आणि हालचाल एकाच फाइलमध्ये बंदिस्त असे. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला दिलेला आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात आशय चालणेही बंद केले. ज्यांनी मूळ चित्रे वेगळी जपली नव्हती, त्यांचे काम नेहमीच्या ब्राउझरमधून दिसेनासे झाले. दुसरे उदाहरण जिओसिटीज या विनामूल्य सेवेचे. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य पानांचा मूळ पत्ताच नाहीसा झाला. पहिल्या उदाहरणात तंत्र कालबाह्य झाले, दुसऱ्यात सेवा बंद पडली. दोन्हींत नुकसान झाले ते आशयाचे.

सेवेचे प्रकार

साचे साधारणतः तीन मार्गांनी मिळतात. पहिला मार्ग सर्व सोयी एकत्र देणाऱ्या सेवांचा आहे. स्क्वेअरस्पेस, विक्स आणि क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीसोबत मिळणारे अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ या त्यांपैकी परिचित सेवा. येथे तांत्रिक ज्ञानाची गरज कमी लागते. मात्र साचा त्या सेवेपुरताच मर्यादित असतो व तो जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही. दुसरा मार्ग वर्डप्रेससारख्या मुक्त प्रणालीचा. तेथे पानांसाठी जागा वेगळी भाड्याने घ्यावी लागते आणि प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवावी लागते, परंतु मजकूर व चित्रे आपल्या ताब्यात राहतात. तिसरा मार्ग साध्या एचटीएमएल पानांचा आहे. अशी पाने कोणत्याही सेवेवर ठेवता येतात व फारशी देखभाल मागत नाहीत. मात्र त्यांत बदल करण्यासाठी थोडे तांत्रिक शिक्षण आवश्यक असते.

बिहॅन्ससारखी व्यासपीठे याहून वेगळी आहेत. तेथे नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचता येते, परंतु पानाची मांडणी व नियम व्यासपीठाचे असतात. त्यामुळे त्यांचा उपयोग स्वतःच्या संकेतस्थळाला पूरक म्हणून करणे श्रेयस्कर ठरते.

कामानुसार मांडणी

चित्रकार किंवा छायाचित्रकाराला अनेक चित्रे एकाच दृष्टिक्षेपात दाखवणारी जाळीदार मांडणी उपयुक्त असते. अ‍ॅप किंवा सेवांची रचना करणाऱ्याला मात्र समस्या काय होती, कोणते पर्याय तपासले आणि अखेरीस काय निष्पन्न झाले हे सांगावे लागते. त्याला मजकुरास पुरेशी रुंदी देणारा साचा हवा. औद्योगिक उत्पादनांच्या डिझायनरला कच्च्या रेखाटनापासून तयार वस्तूपर्यंतचा क्रम महत्त्वाचा असतो, तर अक्षररचनाकाराला एकेक अक्षर मोठ्या आकारात पाहता येईल असे मोकळे पान लागते.

विक्रीसाठी मांडलेल्या साच्यात सहसा आडवी, उत्तम प्रकाशात टिपलेली छायाचित्रे भरलेली असतात. ती काढून घेतल्यावर साच्याचे खरे स्वरूप दिसते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी स्वतःच्या पाच नमुन्यांनी त्याची परीक्षा घ्यावी : एक उभे चित्र, एक अतिशय रुंद चित्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे एक बोधचिन्ह, लांबलचक शीर्षक असलेले एक काम आणि चित्रांपेक्षा मजकूर अधिक असलेले एक काम. काही साचे प्रत्येक चित्र चौकोनात कापतात व त्यात पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील नावच छाटले जाते. पांढऱ्या पानावर पांढऱ्या पार्श्वभूमीच्या बोधचिन्हाची कडा हरवते. असे दोष पहिल्याच तासात ध्यानात येतात.

मोबाइल आणि वेग

पडद्याच्या रुंदीनुसार पानाची मांडणी बदलण्याच्या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव ईथन मारकॉट यांनी मे २०१० मध्ये दिले. आज बहुतेक साचे अशी सोय असल्याचे सांगतात, तरीही प्रत्यक्ष साध्या मोबाइलवर पान उघडून पाहण्याला पर्याय नाही. चित्रावर माउस नेल्यावरच कामाचे नाव दिसेल अशी योजना असल्यास स्पर्शपडद्यावर ते नाव दिसत नाही, हा नेहमी आढळणारा दोष होय.

वेगाचे गणित सोपे आहे. प्रत्येकी ४ एमबीची २० चित्रे असतील तर एका पानाचे वजन ८० एमबी होते. तीच चित्रे प्रत्येकी ३०० केबीपर्यंत आणल्यास ते सुमारे ६ एमबी भरते. पानावरील मुख्य घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. चित्रे पडद्याच्या आकारानुसार लहान करून देणारा आणि खालची चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरवून घेणारा साचा या दृष्टीने सोयीचा ठरतो. मुद्रणासाठी तयार केलेली सीएमवायके चित्रे मात्र डिझायनरनेच एसआरजीबी रंगपद्धतीत रूपांतरित करून घ्यावीत, अन्यथा पडद्यावर रंग बदललेले दिसण्याचा संभव असतो.

देवनागरीची कसोटी

बाजारातील बहुसंख्य साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात. त्यांत मराठी मजकूर भरताच काही अडचणी उद्भवतात. शीर्षकाच्या अक्षरांत जादा अंतर सोडण्याची शैली रोमनमध्ये शोभून दिसते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी असल्यास वरच्या मात्रा व खालचे उकार एकमेकांना भिडतात. मोठ्या लिपीतील अक्षरांनी शीर्षक उठावदार करण्याची युक्ती देवनागरीत निरुपयोगी ठरते, कारण तिच्यात लहान व मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. साच्यातील फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसल्यास ब्राउझर दुसराच फॉन्ट वापरतो आणि पानाचा तोल जातो.

म्हणून फॉन्ट बदलण्याची व ओळींमधील अंतर वाढवण्याची मुभा असलेलाच साचा मराठी डिझायनरने निवडावा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी असतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये मराठी वळणेच दिलेली आहेत. अन्य काही फॉन्टमध्ये, पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केल्यास, ती आपोआप दिसतात. ही नोंद करण्याची सोय साच्यात आहे का, हेही पाहावे.

वाचनसुलभतेचाही विचार आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांचे साचे या कसोटीस सहसा उतरत नाहीत. दृष्टिबाधित व्यक्तींसाठी प्रत्येक चित्राचे शब्दांत वर्णन देण्याची सोयही हवी.

परवाना आणि कायदा

साचा विनामूल्य आहे याचा अर्थ तो निर्बंधमुक्त आहे असा नव्हे. काही परवान्यांत मूळ निर्मात्याचा उल्लेख राखणे बंधनकारक असते, तर काहींत व्यावसायिक वापरास मनाई असते. विकत घेतलेला साचा अनेकदा एकाच संकेतस्थळापुरता वापरता येतो. साच्यासोबत दाखवलेली छायाचित्रे व फॉन्ट परवान्यात समाविष्ट असतातच असे नाही.

पानावर ठेवायच्या कामाबाबत दोन कायदे ध्यानात घ्यावे लागतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः नियोक्ता असतो. त्यामुळे असे काम प्रदर्शित करण्यापूर्वी लेखी संमती घेणे इष्ट. डिझाइन अधिनियम, २००० च्या कलम ४ नुसार, नोंदणीच्या अर्जापूर्वीच जाहीर झालेल्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत नाही. नव्या खुर्चीचे किंवा दिव्याचे छायाचित्र उत्साहाच्या भरात संकेतस्थळावर आधीच ठेवल्यास नोंदणीचा हक्क गमावण्याची वेळ येऊ शकते. निवडक व्यक्तींनाच पान दाखवता यावे यासाठी काही साच्यांत परवलीच्या शब्दाची सोय असते. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असल्यास ती उपयोगी पडते. मात्र तिच्यावर विसंबण्याऐवजी आधी अर्ज करणे अधिक सुरक्षित होय.

पत्ता आणि प्रती

संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या नावे नोंदवलेला असावा. सेवा बदलली तरी पत्ता कायम राहतो आणि ओळखपत्रांवर व जुन्या पत्रव्यवहारात दिलेला दुवा निकामी होत नाही. ‘.इन’ या विस्ताराबरोबरच ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी विस्तारही उपलब्ध आहे. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करणे मात्र आवश्यक असते.

प्रत्येक कामाची मूळ चित्रे, त्याचे वर्णन, वर्ष, ग्राहकाचे नाव आणि सहकाऱ्यांचा श्रेयनिर्देश यांची प्रत साच्याबाहेर, स्वतःच्या संगणकावर व आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी. वर्षातून एकदा ही प्रत आणि संकेतस्थळ ताडून पाहिल्यास उणिवा वेळीच भरून काढता येतात. अशी तयारी असलेल्या डिझायनरला साचा बदलणे फारसे कठीण जात नाही. तंत्र पुढे जात राहील आणि आजचे साचेही कधीतरी जुने होतील. त्यांत मांडलेले काम मात्र पुढच्या साच्यातही तितक्याच नीटपणे मांडता आले पाहिजे.